‘आपल्या मुलांना कावीळ अंगावर निघते’ हे अर्धंच खरं

फिरणारा मेसेज असा: ‘आपल्याकडे हिपॅटायटिस ए (दूषित अन्नपाण्यातून पसरणारी विषाणूची कावीळ) लहानपणीच होऊन जातो, प्रतिकारशक्ती फुकट मिळते. लस हा खासगी डॉक्टरांचा धंदा. गरज असती तर सरकारने दिली नसती का?’

‘लहानपणीच होऊन जातो.’ आजीच्या पिढीत होत होता. सहा वर्षांखालच्या दहातल्या साधारण सात मुलांना लक्षणंच दिसत नाहीत, आणि एकदाचा संसर्ग जन्मभर पुरतो. पण फ्लॅटमध्ये प्युरिफायरचं पाणी पिऊन वाढलेलं मूल कोरंच राहतं. हा विषाणू त्याला पहिल्यांदा गाठतो तो अठराव्या वर्षी, हॉस्टेलच्या मेसमध्ये नाहीतर बर्फाच्या गोळ्यात. या वयात दहातल्या सातांहून जास्त जणांना कावीळ होते. पाणी सुधारलं की रुग्ण घटतात, पण उरलेले जास्त आजारी पडतात, ही यातली खरी गोम.

‘फुकट.’ भारतात मुलांचं यकृत अचानक निकामी होण्याचं हे एक प्रमुख कारण आहे. घरचे बिलिरुबिनचा, म्हणजे डोळे पिवळे करणाऱ्या रक्तातल्या घटकाचा, आकडा मोजत बसतात; पाहायला हवा तो आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ. कावीळ झालेलं मूल दिवसाही पेंगू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, तर तडक मोठं रुग्णालय गाठायचं. नाकात थेंब घालणाऱ्याकडे गेलेला दिवस परत मिळत नाही.

‘सरकार देत नाही.’ राष्ट्रीय लसीकरणात ती नाही, खरं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं: जिथे जवळपास प्रत्येक मूल लहानपणीच संसर्गातून जातं, तिथे सरसकट लस नको, संसर्गाचं प्रमाण मध्यम झालं की विचार करा. आपल्याकडे एकाच जिल्ह्यात दोन्ही चित्रं दिसतात, म्हणून धोरण अडतं. अर्जेंटिनाने २००५पासून १२व्या महिन्याला एकच डोस द्यायला सुरुवात केली, आणि तिथे या आजारापायी होणारी मुलांची यकृत प्रत्यारोपणं जवळजवळ थांबली. धंदा म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

लस १२ महिन्यांनंतर. निष्क्रिय विषाणूची असेल तर दोन डोस, मध्ये किमान ६ महिने. क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची असेल तर आपल्याकडे एकच. रुग्णाला वेगळं ठेवून फारसं साधत नाही, कारण डोळे पिवळे होण्याआधीच्या एक-दोन आठवड्यांत शौचातून सर्वाधिक विषाणू जाऊन चुकलेला असतो. मात्र घरातल्या इतरांना संपर्कानंतर १४ दिवसांच्या आत लस टोचली तरी ती उपयोगी पडते.