निळ्या लाटांचं खापर फक्त सांडपाण्यावर नको

रात्री समुद्रात निळ्या चमकणाऱ्या लाटांवरच्या लेखातलं 'निळ्या लाटा म्हणजे सांडपाण्याचाच परिणाम' हे वाक्य पटलं नाही. सांडपाण्याने भर पडते हे मान्य, पण पावसाळ्यात खोलातलं गार, पोषक पाणी वर येतं, वर नद्या गाळ आणतात, त्यावर डायटम (सूक्ष्म शेवाळ) माजतात आणि ते खायला नॉक्टिल्युका हा चमकणारा सूक्ष्मजीव वाढतो, म्हणून तर पाऊस सरल्यावर ही चमक दिसते, 2020 मध्ये जुहूलाही नोव्हेंबरातच दिसली होती ना.

आणि मासळीचं काय, त्यावर एक ओळ नाही! आमच्या रत्नागिरीकडे रात्री व्हिडिओ काढायला गर्दी होते, दिवसा तेच पाणी लालसर नि जाळं बुळबुळीत. नॉक्टिल्युकात अमोनिया साठतो, मेल्यावर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. इन्कॉइस ही केंद्र सरकारची समुद्र-माहिती संस्था उपग्रहावरून ब्लूमवर (अशा सूक्ष्मजीवांच्या अचानक वाढीवर) नजर ठेवते, ती माहिती मराठीत प्रत्येक बंदरावर लागलीच पाहिजे.