‘सोड्यानं उतरलं म्हणजे पित्तच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरायलाय. छातीत जळजळलं, कळ आली तर ते पित्तच, थंड दूध नाहीतर सोडा घ्या, पाच मिनिटांत उतरलं तर हार्टचं काही नाही, डावा हात दुखत नसेल तर बिनधास्त झोपा, आणि एंडोस्कोपी (तोंडातनं कॅमेऱ्याची नळी घालून आत बघणं) म्हणजे पैसे काढायचा धंदा. एकेक बघू की.

सोड्यानं उतरलं म्हणजे हार्ट नाही, हे सगळ्यात डेंजर. अन्ननलिका हृदयाच्या पाठीमागूनच खाली जाते आणि दोघांच्या दुखण्याचे सिग्नल मेंदूकडं बऱ्यापैकी एकाच वाटेनं जातात, त्यामुळं आत नेमकं काय दुखायलंय ते माणसाला कळतच नाही. हार्टची कळ आपोआप पण उतरते, नेमका तेव्हाच सोडा प्यालेला असतो आणि श्रेय सोड्याला. उलटं पण हाय, जिभेखाली ठेवायची हार्टची गोळी अन्ननलिकेला आलेला पेटका सुद्धा सोडवते, म्हणजे गोळीनं बरं वाटलं म्हणून हार्टच, असंही नाही.

डावा हात? बायकांत, शुगरवाल्यांत, वयस्कर माणसांत कधी नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, जबडा दुखतो. अशी नवीन कळ आली की आधी ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते), पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी थांबवून परत काढतात, ते उगाच नाही. १०८ चा अँब्युलन्सचा नंबर आपल्याकडं कर्नाटकात पण चालतो, रात्री कुणाची गाडी मिळते का बघत बसू नका.

आता ‘पित्तच’. हार्ट बाजूला पडल्यावर आम्ल वर येणं हे सगळ्यात कॉमन कारण, हे मान्य. पण रात्री झोपताना घोटभर पाण्यावर डॉक्सीसायक्लिन (एक अँटिबायोटिक), लोहाची किंवा पेनकिलरची गोळी घेऊन लगेच आडवं झालात तर ती अन्ननलिकेतच चिकटून जखम करते, मग गिळताना जीव जातो. ग्लासभर पाणी प्या आणि अर्धा तास बसून रहा, एवढंच. शुगर असली किंवा दम्याचा स्टिरॉइडचा पंप मारून चूळ भरली नाही तर नळीत बुरशी पण धरते.

एंडोस्कोपी सगळ्यांना लागत नाही, एवढं त्या मेसेजचं खरं. तरुण माणूस, साधी जळजळ, तर डॉक्टर आधी काही आठवडे गोळीच देतात. पण एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून ‘मनाचं दुखणं’ म्हणू नका, रिफ्लक्सच्या (आम्ल वर येण्याच्या) बऱ्याच पेशंटांत नळी दिसायला चांगलीच असते, ॲलर्जीची सूज तुकडा काढून तपासल्यावरच कळते, आणि नळीच्या आकुंचनाची गडबड मॅनोमेट्रीत, म्हणजे नळीतला दाब मोजायच्या टेस्टमध्ये, दिसते. आम्ल खरंच वर येतंय का, ते २४ तासांच्या पीएच टेस्टमध्ये मोजतात.

आणि आपल्या भागात तंबाखू-विडी किती, ते निपाणीकरांना मी काय सांगू. अन्ननलिकेच्या कॅन्सरला ती एक मोठं कारण, वरनं ६५ डिग्रीच्या पुढचा कढत चहा पण बहुतेक कॅन्सरकारक, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलंय. हा कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पातळ पण. माणूस भाकरी आमटीत कुस्करून महिनोन्महिने ढकलतो आणि वजन उतरलं की शुगरवर ढकलतो. घास अडकायला लागला, वजन घटलं, शौचाला काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली तर तिथं सोडाबिडा नाही, एंडोस्कोपीच.