मीटरच्या पुढचा पाईप कुणी बघायचा?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहालोय. इथं बेळगावात आमच्या गल्लीत पाण्याची नवी लाईन टाकालेत, चांगलंच आहे, दिवसाआड पाण्यासाठी बॅरल भरून ठेवणाऱ्या शहापूरकरांना त्याचं मोल मी सांगायला नको. पण शेजारच्या जुन्या घरात मीटरपर्यंत नवा कोरा पाईप आला, आणि मीटरच्या पुढं भिंतीत जाणारा, कुठल्या काळातला देव जाणे, तो जुना पाईप तसाच जोडून माणूस खड्डा बुजवून मोकळा. मी म्हटलं, अहो हा पाईप कसला आहे ते तरी बघा की. तर म्हणाला, पाणी येतंय नव्हं?

येतंय ओ पाणी! पण कशातनं येतंय?

माझ्या आत्याचं खडेबाजारकडं जुनं घर आहे. मोरी फोडली तेव्हा भिंतीतनं एक करडा, मऊसर पाईप निघाला. आमचे म्हातारे प्लंबर काका, त्यांनी खिशातलं नाणं काढून ओरखडा ओढला तर आत लखलखीत चांदीसारखं, लोहचुंबक लावला तर चिकटेना, आणि तुकडा हातानं वाकला. काका म्हणाले, शिसं आहे हे. त्यांचे वडील बिडाच्या पाईपच्या सांध्यात शिसं वितळवून ओतायचे, त्यामुळं त्यांना दुसरं कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि आत्या काय करायची? पहाटे पहिल्या धारेचं पाणी पिण्यासाठी भरायची. पहिल्या धारेचं! रात्रभर पाईपात तटून राहिलेलं पाणी, शिसं सगळ्यात जास्त त्यातच उतरतं. तेच उकळून नातवाच्या दुधात. उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. लहान पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित मर्यादाच सापडलेली नाही असं डब्ल्यूएचओ सांगतंय. आपल्याकडं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको असं मानक आहे, पण ते घरातल्या नळावर मोजतंय कोण?

मान्य, आपल्याकडं अमेरिकेइतके शिशाचे पाईप नाहीत, बहुतेक घरांत जीआयच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईपच निघेल. पण अमेरिकेत फ्लिंट गावात २०१४ ला पाण्याचा स्रोत बदलला, पाईप गंजू नये म्हणून जे औषध घालायचं ते घातलं नाही, आणि जुन्या पाईपातलं शिसं पोरांच्या पोटात गेलं. पाईप तेच होते, फक्त पाणी बदललं. आपल्याकडंही पाणी कधी राकसकोप धरणाचं, कधी हिडकल धरणाचं. तसंच होईल असं म्हणत नाही मी, पण बघायला नको काय? आणि पीव्हीसी आहे म्हणून निर्धास्त असाल तर त्यातही शिसं मिसळायचे, केंद्राला २०२१ ला त्यावर नियम काढावा लागला.

वर ते टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र) घेऊन दारात येणारे, आकडा दाखवून पाणी शुद्ध म्हणून सांगतात. त्या मीटरला शिसं वेगळं कळत नाही ओ!

पाटीवर कुठली भाषा यावर आपण रात्र रात्र बोलतो, बोललंच पाहिजे, तो आपला हक्क आहे. पण पोरांच्या घोटातलं पाणीही तितकंच आपलं नाही काय?

असो, चिडून काय होणार. खड्ड्यात राबणाऱ्या त्या माणसावर राग नाही माझा, त्याला जेवढं सांगितलं तेवढं त्यानं केलं. पण ज्यांची घरं जुनी आहेत त्यांनी मीटरपासून मोरीपर्यंतचा पाईप जिथं उघडा दिसेल तिथं नाण्यानं ओरखडून बघा, चुंबक लावून बघा. तोवर सकाळचं पहिलं पाणी झाडांना, भांड्यांना वापरा, नळ थोडा वेळ वाहू द्या आणि मग प्यायचं भरा. आत्यानं ती सवय आता लावून घेतलीय, पाईप तर तेव्हाच बदलला.

मी आमच्या नळाचं पहिल्या धारेचं पाणी लॅबला देणार आहे, शिशाची वेगळी टेस्ट सांगून. ज्यांना आपलंही द्यायचंय त्यांनी इनबॉक्स करा, चार-पाच घरं मिळून एकदमच नेऊ. काका अजून आहेत, पाईप ओळखायला यायला तयार आहेत.