छप्पर एकाच्या हातात, गोळ्यांची डबीही त्याच्याच?

शुभंकरांच्या, म्हणजे मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, कुठल्याही बैठकीत बसा, एक प्रश्न येतोच: "आमच्या माघारी याचं काय?" बहुतेकांच्या मनात उत्तरही तयार असतं. एखादी चांगली संस्था. स्वच्छ, सुरक्षित, चोवीस तास कुणाचं तरी लक्ष. आईवडिलांना बोल लावायचा नाही मला. दुसरं काही त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. पण त्या जागेवर हक्क कुणाचा, हे विचारायचं राहूनच जातं.

'सपोर्टेड हाउसिंग', म्हणजे मदतीसह राहण्याची सोय, या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंचसं म्हणजे निव्वळ छोटी संस्था असते. शंभर खाटांऐवजी सहा. दिवे कधी मालवायचे ते ठरलेलं, पाहुण्याला परवानगी लागते, खोलीला आतून कडी नाही. खोलीत सोबत कोण असेल तेही दुसराच ठरवणार. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातलं कलम १९ नेमकं यावर बोट ठेवतं: कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क इतरांइतकाच.

माझं म्हणणं एवढंच, की घर आणि मदत वेगवेगळ्या हातांत हवी. भाडेकरार त्या व्यक्तीच्या नावावर, मदतनीस दुसरीकडून येणारा. मदतनिसाशी पटलं नाही तर मदतनीस बदलेल, घर नाही. दोन्ही एकाच हातात असलं की माणूस तक्रार करणंच सोडून देतो. "या गोळीने दिवसभर गुंगी येते" एवढं साधं वाक्यही बोलायची त्याला धास्ती वाटते. मग बाहेरच्यांना वाटतं, किती शांत झालाय!

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने 'पाथवेज टू हाउसिंग' सुरू केलं. तोवरची रीत अशी, की आधी उपचार घ्या, व्यसन सोडा, नीट वागून दाखवा, मग घराचं बघू. त्यांनी आधी घर दिलं आणि मदतीचं पथक तिथे पाठवलं. पुढे कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर, मानसिक आजार असलेल्या लोकांबरोबर हे मोठ्या प्रमाणावर तपासलं. घर मिळालेले लोक कितीतरी जास्त काळ घरात टिकले. आजाराच्या लक्षणांत मात्र इतरांच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही. यावर नाक मुरडणारे आहेतच: मग उपयोग काय? अहो, साखर आटोक्यात आल्याशिवाय घर मिळणार नाही, असं मधुमेह्याला कुणी सांगतं का?

सगळ्यांना एकच साचा चालणार नाही, हेही खरं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या मानसिक आजारात गरज वरखाली होते. सहा महिने आठवड्याला एक चक्कर पुरते, मग अचानक झोप उडते, फोन उचलणं बंद होतं, आणि तेव्हा रोज कुणीतरी यावं लागतं. बौद्धिक अक्षमतेत गरज बरीचशी स्थिर असते, पण शिकणं जागेला चिकटलेलं असतं. प्रशिक्षण केंद्रातल्या गॅसवर चहा जमला म्हणून घरच्या गॅसवर जमेलच असं नाही. म्हणून शिकवायचं ते जिथे राहायचं तिथेच. केंद्रात वर्षानुवर्षं 'तयारी' करून घेणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.

जागा बघायला गेलात तर बागबगीचा नंतर बघा. आधी विचारा, दोन महिने रुग्णालयात राहावं लागलं तर खोली राखून ठेवता का? तेव्हाचं भाडं कोण भरतं? कित्येकांचं घर आजाराने जात नाही, या दोन महिन्यांत जातं. दुसरी किल्ली कुणाकडे असते, आणि ती कधी वापरायची हे राहणाऱ्याला विचारून, तो बरा असताना लिहून ठेवलंय का?

आणि हे सगळं आपल्या माघारी नको, आपल्यादेखत व्हायला हवं. आई गेली, त्याच आठवड्यात घरही सुटलं, असे दोन धक्के एकदम कशासाठी द्यायचे? हातपाय चालताहेत तोवर सुरुवात करा. आधी दोन रात्री, मग आठवडा. भांडणं होतील, फोन येतील, एखाद्या रात्री धावतही जावं लागेल. पण धावायला आपण असू, आणि नव्या मदतनिसाला त्याच्या खाणाखुणा सांगायलाही.