सिनात्राचा तो अल्बम रडका नाही हो!

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या 'इन द वी स्मॉल अवर्स' या अल्बमवरचा लेख आवडला, पण तो अल्बम रडका आणि एकसुरी आहे हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. सोळाच्या सोळा गाणी संथ आहेत, मान्य. पण १९५५ साली सिनात्राने मुद्दामच तसं केलं होतं. बायको, अभिनेत्री एव्हा गार्डनरशी त्याचं बिनसलेलं, घटस्फोट व्हायचा होता, आणि या माणसाने एकाच मनःस्थितीवर अख्खी एलपी काढली. मध्येच एखादं नाचरं गाणं घातलं असतं तर सगळा विचका झाला असता.

हेडफोन लावून पहिलं गाणं ऐका. सेलेस्टाची (पियानोसारखं, पण घंटीसारखा आवाज देणारं वाद्य) ती किणकिण येते, मग आवाज. जोर लावून गाणं नाहीच. शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय अशा बेताने म्हणतो. संगीत संयोजक नेल्सन रिडलची व्हायोलिनंही अदबीने मागेच उभी राहतात. आणि श्वास! ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य वाजवणाऱ्या टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना त्याच्याकडे बघून सिनात्रा दमसास शिकला. आपण जिथे श्वास घेऊ तिथे तो घेतच नाही, ओळ पुढच्या ओळीत सरकवतो.

यातलं 'मूड इंडिगो' हे गाणं मात्र मला जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचंच जास्त आवडतं. असो.

मी हा अल्बम पहिल्यांदा पुणे-नागपूर रात्रीच्या बसमध्ये ऐकला. शेजारचे काका घोरत होते आणि बाहेर दूरवर एखादाच दिवा. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावला. एकसुरी वाटला असता तर झोपलो नसतो का?