समुद्रात पंक्चर

सतरा वर्षं मोटरसायकल चालवल्यावर माणसाचा कान एका आवाजापुरता फारच तयार होतो. शेजारच्या टेबलावर कुणी सोड्याची बाटली उघडली, एसटीच्या ब्रेकची हवा सुटली, कुकरने शिट्टीआधी नुसता सुस्कारा टाकला, तरी माझी नजर मागच्या चाकाकडे जाते. यावेळी तर आजऱ्याच्या अलीकडे खरोखरच पंक्चर झालं होतं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे दाखवले आणि डॉक्टर रिपोर्ट सांगतात तशा आवाजात म्हणाला, "दोन हायती."

तर अशी दोन ठिगळं लावून, आंबोलीचा घाट उतरून, मी आणि नित्या फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी गोव्यात पेडण्यातल्या आश्वेला पोचलो. सर्फिंग ही कल्पना नित्याची. त्याचं वय 44, माझं 43, आणि दोघांनाही जमिनीवर खाली बसून उठताना कशाचा तरी आधार लागतो.

सर्फिंगचा पहिला धडा वाळूवर असतो. बोर्डवर पालथं पडायचं, तळवे छातीशी टेकवायचे आणि एका झटक्यात उभं राहायचं. सूर्यनमस्कार घालताना मध्येच दारावरची बेल वाजली तर माणूस जसा उठेल, साधारण तसं. शिकवणारा तिथलाच पोरगा, विशीतला. तो उठायचा तेव्हा मधली पायरी दिसायचीच नाही. माझ्या उठण्यात मात्र पाच-सहा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर थोडी विश्रांती. पाण्यात लाट तेवढा वेळ थांबत नाही. दोन दिवस मी एकदाही उभा राहिलो नाही. समुद्र बराचसा नाकातून पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाटा नव्हत्याच. पोरगा नित्याला कमरेएवढ्या पाण्यात काहीतरी समजावत होता. मी जरा पुढे जाऊन बोर्डवर दोन्हीकडे पाय टाकून निवांत बसलो. ही एक गोष्ट मला उत्तम जमते. गाडीवर बसल्यासारखंच असतं, फक्त हँडल नाही.

आणि मागून आवाज आला. फुस्स्.

सांगायला लाज वाटते, पण मी वळून बोर्डचं मागचं टोक पाहिलं. नऊ फुटी फोमचा बोर्ड, त्यात हवाच नसते, हे डोक्यात यायला अर्धा सेकंद लागला. तेवढ्यात माझ्या डाव्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर एक डोकं दिसलं.

सोललेल्या नारळाएवढं. शेवाळी-राखाडी, वर खवल्यांची नीट बसवलेली फरशी, पुढे पोपटासारखी चोच. नाकपुडीतून पाण्याचा एक थेंब ओघळत चोचीच्या टोकाशी येऊन थांबलेला. आणि डोळे! जड पापण्यांचे, ओले, कंटाळलेले. पासबुक न आणता काउंटरवर आलेल्या माणसाकडे बँकेतल्या बाई बघतात, अगदी तसे. मागे सव्वादोन फुटांची पाठ पाण्याखाली हलत होती.

यावर मी काय केलं? उभा राहिलो. एका झटक्यात, मधली एकही पायरी न घेता, स्वयंपाकघरात झुरळ दिसल्यावर माणूस स्टुलावर चढतो तसा. मग जे व्हायचं ते झालं. पडलो तोही डावीकडेच. पाण्याखाली डोळे उघडले तर एक हिरवट सावली वल्ह्यासारखे हात मारत सावकाश निघून चालली होती. घाई नाही, राग नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

"भियेनाका, कांसव तें!" पोरगा किनाऱ्याकडून ओरडला. मग जवळ येऊन, खऱ्या कुतूहलाने: "पण लाट खंय आशिल्ली?"

शेजारच्या मोरजीला या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री वर यायचं, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालायची, खड्डा बुजवायचा आणि परत. वनखात्याने दोऱ्या बांधून घरट्यांची जागा राखली होती, तिथून आदल्याच संध्याकाळी आम्ही शहाळं पीत गेलो होतो. नर मात्र सहसा किनाऱ्यावर येत नाही. अंड्यातून निघून समुद्रात गेला की गेला. लांब शेपूट असेल तर नर, पोरग्याने सांगितलं. "तुमी शेपडी पळयली?" मी शेपटी पाहण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

रात्री खाटेवर कंबर शेकत मला ते दुसरं कासव आठवलं, ओडिशात 2021 मध्ये टॅग लावलेलं आणि 2025 च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालायला आलेलं. श्रीलंकेला वळसा घालून आलं असेल तर साडेतीन हजार किलोमीटर. आम्ही पुण्याहून साडेचारशे आलो होतो, दोन पंक्चर आणि एक आयोडेक्सची बाटली खर्चून.

फोटो अर्थातच नाही. कॅमेरा हेल्मेटवर होता, हेल्मेट गाडीच्या आरशाला आणि गाडी किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली. तो बंद करायचा राहिला होता, त्यामुळे सकाळची पाऊण तास पेट्रोलच्या टाकीची स्वच्छ फिल्म आहे. विसाव्या मिनिटाला लांबून, अगदी बारीक आवाजात कुणीतरी "आई गंऽऽ" असं ओरडलेलं ऐकू येतं. नित्याचं म्हणणं, शेजारच्या शॅकमधली एखादी बाई असेल. मी त्याला दुजोरा दिला आहे.