मणक्यागणिक एक जनुक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की गर्भात मणक्यांचे तुकडे एकामागून एक पडतात ते ठरावीक वेळाने चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या घड्याळावर. त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, जितके मणके तितकी जनुकं असणारच, त्यात घड्याळ आणायची गरज नाही. दोन, गर्भात शेपटीकडून डोक्याकडे सरकणारी जनुकाची नक्षी (जनुक कुठे चालू आहे ते दाखवणारा पट्टा) म्हणजे नुसत्या पुढे जाणाऱ्या पेशी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार, म्हणून आधी तो. १९९७ मध्ये जीवशास्त्रज्ञ ऑलिव्हिए पुर्के आणि सहकाऱ्यांनी हीच शंका तपासली. कोंबडीचा साधारण दोन दिवसांचा गर्भ घेऊन त्याची शेपटीकडची बाजू मधोमध उभी चिरली. एक अर्धा भाग लगेच रसायनात थिजवला, दुसरा जिवंत वाढू दिला. मग सी-हेअरी१ हे जनुक कुठे चालू आहे ते रंगवून पाहिलं. मधल्या वेळात दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी दिसायची. ९० मिनिटांनी मात्र पुन्हा जुळायची, आणि तोवर जिवंत बाजूला एक नवा सोमाइट, म्हणजे पुढच्या मणक्यांचा कच्चा तुकडा, तयार झालेला असायचा. पेशींवर खूण करूनही पाहिलं. नक्षी जितकी सरकते तितक्या पेशी सरकतच नाहीत. आजूबाजूचा भाग काढून टाकला तरी जनुक चालू-बंद होण्याचा फेरा, म्हणजेच ते घड्याळ, चालूच राहिला. इतका स्वच्छ प्रयोग जीवशास्त्रात क्वचित वाचायला मिळतो, मला तरी तो फार आवडतो.

उंदरात हे काम हेस७ हे जनुक करतं. त्याचं प्रथिन स्वतःच्याच जनुकाला बंद करतं, थोड्या वेळात विरघळून जातं, आणि जनुक पुन्हा सुरू होतं. एक फेरा सुमारे २ तासांचा. झेब्राफिशमध्ये ३० मिनिटं, माणसात सुमारे ५ तास.

आता मणक्यागणिक जनुकाचं. कॉर्न स्नेक या सापाला ३०० हून जास्त सोमाइट असतात, पण त्यासाठी त्याच्याकडे ३०० वेगळी जनुकं नाहीत. वाढीच्या मानाने त्याचं घड्याळ जलद चालतं, एवढंच. सुरळीच्या वडीची लांब सुरळी तीच, सुरी भराभर चालवली की वड्या बारीक आणि पुष्कळ पडतात. उलट बाजूनेही पाहा: माणसात डीएलएल३ हे एकच जनुक दोन्ही प्रतींत बिघडलं, तर एक मणका नव्हे, ओळीने कितीतरी मणके वेडेवाकडे होतात आणि बरगड्या एकमेकींना चिकटतात. कुठला मणका मानेचा, कुठला कमरेचा, हे हॉक्स जनुकं ठरवतात. तो वेगळा विषय, पुढच्या लेखात घेईन.

शेवटी आपल्या वडोदऱ्यातला दाखला. इथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात पालीच्या शेपटीवर बरंच काम झालेलं आहे. ट्यूबलाइटमागे तुटक्या शेपटीची पाल तुम्हीही पाहिली असेल. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते. जनुकं त्या पेशींत सगळीच्या सगळी आहेत. ज्या ऊतीत हे घड्याळ चालतं ती मात्र फक्त गर्भात असते.